गाडीचं काय दुखतंय : हेडलाईट लागतो, पण उजेड पडत नाही

यावेळी आलेल्या पत्रांत हेडलाईटचीच पत्रं जास्त निघाली. थंडीचे दिवस, रब्बीला पाणी चालू, मोटारीची थ्री फेज रात्रीची, म्हणजे मळ्यात जाणं रात्रीचंच, त्यामुळे ज्याचा लाईट वर्षभर कसाबसा चालला त्यालाही आता तो खटकायला लागलाय. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेतो, यावेळी फक्त लाईट. पहिल्या पत्राला मुद्दाम लांब उत्तर देतोय, कारण त्यातला बिघाड खूप गाड्यांत असतो आणि लोक बल्बवर बल्ब बदलत बसतात.

प्रश्न : भाऊ, माझ्याकडे १२५ सीसीची गाडी आहे, सहा वर्षं झाली. केळीची बाग गावापासून लांब आहे आणि रात्री बारा-एकला मोटार चालू करायला जावंच लागतं. हेडलाईट लागतो पण एकदम पिवळा, दहा पावलांच्या पुढचं दिसत नाही. गाडी खड्ड्यात आदळली की कधी कधी पूर्ण बंद होतो आणि परत आदळली की आपोआप लागतो. तीन बल्ब बदलून झाले, भारीतले घेतले, फरक शून्य. आता गॅरेजवाला म्हणतो पूर्ण वायरिंग टाकावी लागेल, आणि खर्च सांगतो तो ऐकून मी गप्प बसलोय. अजून एक गोष्ट, गाडी डिपरवर (जवळच्या, खालच्या उजेडावर) असतानाही मीटरमधला अप्परचा (लांबच्या उजेडाचा) निळा दिवा बारीक बारीक पेटतो, आणि हेडलाईट बंद पडला की तो निळा दिवा एकदम जोरात चमकतो. याचा काही संबंध आहे का? — एक केळी उत्पादक, रावेर तालुका

उत्तर : दादा, संबंध आहे म्हणजे काय, तुमचं अख्खं उत्तर त्या निळ्या दिव्यातच आहे. बरं केलं लिहिलं, बहुतेक लोक हे सांगायचंच विसरतात. वायरिंग टाकू नका, निदान हे वाचून होईपर्यंत तरी नका.

आधी बल्ब समजून घ्या. तुमच्या गाडीच्या बल्बला मागे तीन पिना असतात. एक डिपरची, एक अप्परची आणि तिसरी अर्थिंगची. आत तारा दोन, पण दोन्हींचं एक एक टोक त्या अर्थिंगच्या पिनेवर येऊन मिळतं. म्हणजे डिपर लावा नाहीतर अप्पर, करंटला बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जायची वाट ती एकच. आता ती वाट बिघडली, पीन सैल झाली किंवा आतून गंजली, तर करंट अडकतो आणि दुसरी वाट शोधतो. तो डिपरच्या तारेतून येतो, पुढे अर्थिंग नीट मिळत नाही म्हणून अप्परच्या तारेत उलटा शिरतो, तिथून अप्परच्या वायरीने मागे मीटरपर्यंत जातो आणि निळ्या दिव्यातून त्याच्या स्वतःच्या अर्थिंगला जाऊन मिळतो. म्हणून डिपरवर असताना निळा दिवा बारीक पेटतो. आणि खड्ड्यात आदळल्यावर बल्बचं अर्थिंग पूर्णच सुटलं की सगळा करंट त्या निळ्या दिव्यातूनच जातो, तो दिवा एवढासा, त्याला लागतो तेवढाच करंट तो पुढे सोडतो, तेवढ्यात हेडलाईटची तार तापतच नाही, म्हणून हेडलाईट गप्प आणि निळा लखलखीत. तुम्ही जे लिहिलंय ते अगदी तंतोतंत हेच आहे.

आता यातून अजून एक गोष्ट कळते, आणि तीच पैसे वाचवणारी आहे. निळा दिवा पेटतोय म्हणजे मीटरचं अर्थिंग शाबूत आहे. मग बिघाड कुठे राहिला? बल्बच्या पिनेपासून ते जिथे बल्बची आणि मीटरची अर्थिंगची वायर एकत्र होते तिथपर्यंत. बहुतेक गाड्यांत हा तुकडा हेडलाईटच्या मागेच, वितभर दोन वितीचा असतो. त्या वितभर वायरीसाठी कोणी अख्खी वायरिंग बदलत असेल तर ते मला पटत नाही.

पण अंदाजावर जाऊ नका, मोजून घ्या. मल्टीमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचं छोटं यंत्र, आता मोबाईल दुरुस्तीच्या दुकानातही मिळतो आणि साधा असला तरी या कामाला चालतो. इथे एक चूक हमखास होते, ती नीट ध्यानात घ्या. मिस्त्री बल्ब काढतो, मोकळ्या कपलरमध्ये (बल्बच्या पिना ज्यात बसतात त्या वायरीच्या टोकाच्या खोबणीत) मल्टीमीटरच्या सुया घालतो, बारा व्होल्ट दिसले की म्हणतो करंट येतोय, बल्बच खराब. मोकळ्या कपलरमध्ये बारा दिसणारच. ठिबकचा कॉक पुढे बंद असला की फिल्टर किती का चोंदलेला असेना, प्रेशर गेज पूर्ण प्रेशर दाखवतो, कॉक उघडला, पाणी वाहायला लागलं की मग काटा पडतो. तसंच हे. करंट वाहत असतानाच बिघाड दिसतो, म्हणून बल्ब लावलेला आणि लाईट चालू असतानाच मोजायचं.

कसं ते सांगतो. गाडी मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, मोकळ्या हवेत चालू करून ठेवा, कारण तुमच्या गाडीला लाईटचं वेगळं बटण नसणार, इंजिन चालू झालं की लाईट लागतो. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींना हा नियमच झाला. व्हायझरचे बोल्ट काढून हेडलाईट पुढे घ्या पण कपलर बल्बला लागलेलाच राहू द्या. मल्टीमीटर २० व्होल्ट डीसीवर. काळी सुई बॅटरीच्या निगेटिव्हवर धरा. लाल सुई कपलरच्या मागच्या बाजूने अर्थिंगच्या पिनेला टेकवायची, सुई जात नसेल तर मागून एक बारीक टाचणी सरकवा आणि तिला सुई लावा. टाचणी एकीकडेच लागू द्या, शेजारच्या पिनेला टेकली तर फ्यूज जाईल. वायरीचं रबर टोचून मोजू नका, त्या छिद्रातून पावसाळ्यात पाणी शिरतं आणि वायर आतून हिरवी पडते.

आता आकडा बघा. पाव व्होल्टच्या आत असेल तर वायर आणि जोड चांगले. एक, दीड, दोन व्होल्ट दाखवत असेल तर वायरीत किंवा पुढच्या जोडात बिघाड. समजा मागून मोजलं तर आकडा चांगला आणि तरीही लाईट पिवळा, तर मग लाल सुई थेट बल्बच्या पितळी पिनेला टेकवून बघा, कपलर थोडा मागे सरकवला की पिनेचा एक दोन मिलिमीटर दिसतो. तिथे आकडा वाढला म्हणजे वायर ठीक, कपलरची पकड गेलीय. तुमच्या गाडीत मला हेच असेल असं वाटतं.

मल्टीमीटर नसेल तर बॅटरीपासून हेडलाईटपर्यंत पुरेल एवढी जाड वायर घ्या, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं कपलरच्या अर्थिंगच्या पिनेला लावा. लाईट फाटकन पांढरा झाला आणि निळा दिवा विझला की निकाल लागला. फक्त पीन अर्थिंगचीच आहे याची खात्री आधी करा. होंडाच्या पद्धतीच्या वायरिंगमध्ये हिरवी अर्थिंगची, निळी अप्परची आणि पांढरी डिपरची असते, बजाजमध्ये अर्थिंगला काळ्यावर पिवळी रेघ असते. तुमच्या गाडीचं पुस्तक असेल तर त्यात बघून घ्या.

आता तीन बल्ब बदलूनही उजेड का नाही वाढला, त्याचा हिशोब. ३५ वॅटचा बल्ब बारा व्होल्टला साधारण तीन अँपियर घेतो. जोडात अर्धा ओहम अडथळा तयार झाला की दीड व्होल्ट तिथेच खर्च होतो. तुम्ही म्हणाल दीड व्होल्टनं काय होतं, तर हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या सरळ हिशोबात कमी होत नाही, व्होल्टेज दहा टक्के पडलं की उजेड जवळपास तीस टक्के जातो. आणि तो दीड व्होल्ट गुणिले तीन अँपियर, साडेचार वॅटची उष्णता त्या नखाएवढ्या पिनेत तयार होते. रोज तासभर. त्यानं पितळेचा ताण जातो, पीन अजून सैल होते, अडथळा अजून वाढतो, उष्णता अजून वाढते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळिशी गाठतो, गाडी दिवसभर बांधावर उन्हात उभी, म्हणजे प्लास्टिक आधीच कडक झालेलं, त्यात हे. म्हणून कपलर काढल्यावर एक पीन तपकिरी, तिच्या भोवतीचं प्लास्टिक वितळून वाकडं झालेलं आणि तांबं हिरवट दिसलं तर नवल वाटून घेऊ नका.

दुरुस्ती अवघड नाही. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल आधी सोडा. कपलर जळका असेल तर तो घासून परत लावू नका, ताण गेलेली पीन घासल्यानं परत आवळत नाही. उष्णता सोसणारा चिनी मातीचा होल्डर वायरीसकट मिळतो, तोच घ्या, खर्च हजारात नाही, शेकड्यातच भागतो. जुनी वायर मागे मागे कापत जा, तांबं लालसर चकचकीत दिसेपर्यंत. काळं पडलेलं तांबं दिसलं की अजून बोटभर कापा, काळ्या तांब्यावर कथील धरत नाही आणि दाबलेला जोडही टिकत नाही. जोड क्रिंपिंगच्या पकडीने दाबून घ्या, साध्या पकडीने चेचू नका, वर हीट श्रिंकची नळी सरकवून लायटरने आकसवा. नुसती पीळ देऊन काळी टेप गुंडाळली तर आपल्या उन्हात टेपचा डिंक वितळतो, दोन महिन्यांनी टेप वायरीवरून घसरून बाजूला गेलेली असते. सगळं झाल्यावर पिनांना थोडंसं व्हॅसलीन लावा, पाणी-हवा लागत नाही. वायरीला खाली झोळ देऊन बांधा, म्हणजे पावसाचं पाणी वायरीवरून ओघळत कपलरमध्ये शिरण्याऐवजी झोळावरून खाली ठिबकेल.

नवा बल्ब बसवताना काचेला बोट लावू नका. बोटाचा तेलकटपणा काचेवर राहतो, तिथे काच जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. लागलंच बोट तर स्पिरिटनं पुसून घ्या. आणि तुमचे ते तीन जुने बल्ब टाकून दिले नसतील तर परत लावून बघा, ते चांगलेच निघतील.

प्रश्न : हँडल उजवीकडे वळवलं की हेडलाईट बंद आणि सरळ केलं की चालू. आमच्याकडं घाटाचा रस्ता आहे, वळणावरच अंधार होतो. गावातल्या मिस्त्रीला दाखवलं तर तो बघतो तेव्हा बरोबर लागलेला राहतो. आमचे आजोबा म्हणतात तसं, 'लागस नि लगेच बंद पडस'. — एक वाचक, धडगाव, जि. नंदुरबार

उत्तर : हे ऐकून काळजी वाटली. सातपुड्याच्या त्या वळणांवर एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला दरी, तिथे लाईट जाणं म्हणजे जिवाशी खेळ. दुरुस्ती होईपर्यंत रात्रीचा घाट टाळा, अगदीच जावं लागलं तर कोणाच्या तरी गाडीच्या मागे जा.

बिघाड कुठे आहे ते तुमच्या हँडलनेच सांगितलंय. सगळ्या वायरी टाकीखालून येऊन हँडलच्या मानेपाशी पुढे वळतात, आणि प्रत्येक वळणाला तिथे दुमडतात. वर्षानुवर्षं दुमडून आतलं तांबं तुटतं, वरचं रबर मात्र जसंच्या तसं दिसतं, म्हणून मिस्त्रीला काही सापडत नाही. गाडी चालू ठेवून हँडल उजवीकडे लाईट बंद होईल तिथपर्यंत न्या आणि तसंच धरून ठेवा, दुसऱ्या माणसाला मानेपासची जुडी थोडी थोडी दाबायला-हलवायला सांगा, जिथे दाबल्यावर लाईट लुकलुकेल तिथेच तुटलंय. मग गाडी बंद करून टेप सोडवा आणि एकेक वायर दोन्ही हातांत धरून हलकी ओढा. चांगली वायर ताणत नाही, आत तांबं तुटलेली वायर रबरासारखी लांबते. ही खूण चुकत नाही.

एक वायर सापडली म्हणून तिथेच थांबू नका, शेजारच्या वायरीही त्याच वयाच्या आहेत, त्याही ओढून बघा. मिळालेली वायर मानेच्या वळणावरच जोडायची नाही. खराब तुकडा पूर्ण काढून तेवढ्याच जाडीची, बारीक तारांची लवचिक वायर टाका आणि दोन्ही जोड वळणाच्या पुढे-मागे, जिथे वायर हलत नाही तिथे येऊ द्या. कथलाचा डाग दिला तर तेवढी वायर कडक होते आणि कडक वायर डागाच्या कडेलाच परत तुटते, म्हणून डाग दिलेला जोड फ्रेमला टायनं बांधून टाका. मानेपाशी मात्र जुडी आवळून बांधू नका, थोडी ढिली ठेवा. हल्लीच कोणी क्लचची किंवा एक्सिलेटरची केबल बदलली असेल तर तीही बघा, केबल चुकीच्या बाजूने गेली की ती वायरींना दाबते आणि हे सगळं लवकर होतं.

प्रश्न : मी शिक्षिका आहे, भुसावळहून रोज खेड्यातल्या शाळेत मोटारसायकलने जाते, हिवाळ्यात येताना अंधार पडतो. गाडी वॉशिंग सेंटरला धुऊन आणल्यापासून डिपर लागतो पण अप्पर लागत नाही. मात्र ओव्हरटेकला आपण दाबतो ते पासचं बटण दाबलं की अप्पर लागतो. बटण मधोमध अडकवलं तर दोन्ही लागतात, पण ते टिकत नाही. बल्ब बदलू का? — एक भगिनी, भुसावळ

उत्तर : ताई, बल्ब अजिबात बदलू नका. पासच्या बटणाने अप्पर लागतो म्हणजे बल्बमधली अप्परची तार चांगली, कपलर चांगला, अर्थिंगही चांगलं. पासचं बटण अप्पर-डिपरच्या बटणाला वळसा घालून करंट देतं, म्हणून तो लागतो. राहिलं काय, तर अप्पर-डिपरचं बटणच. त्यात पाणी गेलंय आणि आतल्या पितळी पट्टीवर काजळी-गंज धरलाय.

हँडलच्या डाव्या बाजूचा स्विच खालच्या दोन स्क्रूंनी दोन भागांत उघडतो. उघडताना खाली कापड पसरा, आत एक बारीक स्प्रिंग आणि चिमुकली गोळी असते, ती उडून गेली तर स्विच नवाच घ्यावा लागतो. पितळी पट्ट्या कॉन्टॅक्ट क्लीनर फवारून ब्रशनं साफ करा, खूप काळ्या असतील तर अगदी झिरो नंबरच्या पॉलिश पेपरचा एकच हात फिरवा. पेट्रोलनं धुवायची सवय आपल्याकडे सगळ्यांना आहे पण इथे नको, जवळ बॅटरी जोडलेली असते आणि एक ठिणगी पुरते. साफ झाल्यावर थोडं ग्रीस, बटण वीस-पंचवीस वेळा इकडून तिकडे, आणि बंद करा. दोन्ही लागतात म्हणून बटण मधोमध अडकवून चालवू नका, दोन्ही तारा एकदम पेटल्या की पिना आणि रिफ्लेक्टर दोन्ही तापतात.

वॉशिंग सेंटरवाल्याला पुढच्या वेळी सांगा की प्रेशरचा पाईप स्विच, मीटर आणि हेडलाईटच्या मागे धरायचा नाही. ते ऐकतात, फक्त आपण सांगत नाही.

प्रश्न : जुनी १०० सीसी आहे. उभी असताना लाईट मंद, रेस दिली की एकदम भारी. लूज कनेक्शन आहे का? आणि महिन्याभरात बल्बही जातात. — एक दूधवाले, शिंदखेडा

उत्तर : आप्पा, यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुन्या बऱ्याच १०० सीसी गाड्यांत हेडलाईट बॅटरीवर नसतो, मॅग्नेटच्या कॉईलवर थेट चालतो, त्याला एसी लाईट म्हणतात. इंजिन हळू फिरलं की करंट कमी, जोरात फिरलं की जास्त. त्यामुळे मंद-भारी होणं हा त्या गाडीचा स्वभावच आहे, जोड कितीही साफ केला तरी तो पूर्ण जाणार नाही. पण बल्ब जाणं हे त्यात येत नाही. रेस दिल्यावर व्होल्टेज एका मर्यादेत ठेवायचं काम आरआर युनिटचं (रेग्युलेटर-रेक्टिफायरचं) असतं, ते गेलं की व्होल्टेज वर चढतं आणि बल्ब उडतो. आरआर युनिटला स्वतःचं अर्थिंग लागतं, ते फ्रेमला बसतं तिथे रंग किंवा गंज असेल तर आधी तेवढं घासून, बोल्ट आवळून बघा, पुष्कळदा त्यातच भागतं. नाही भागलं तर युनिट बदला. बदललेलं युनिट किती व्होल्टवर रोखतंय ते बघायचं असेल तर मीटर एसीवर ठेवा, डीसीवर ठेवला तर आकडा खोटा येईल.

कोणी म्हणेल त्यात एलईडी टाका. एसी लाईटच्या गाडीत साधा एलईडी थरथरतो आणि लवकर जातो, टाकू नका.

प्रश्न : धुळ्याहून सुरतेला नेहमी जाणं असतं, हायवेला समोरच्यांच्या लाईटनं काही दिसत नाही म्हणून मी १००/९० वॅटचा बल्ब टाकला. पहिले काही दिवस मस्त, आता फ्यूज जातोय आणि कपलरला जळका वास येतो. फ्यूज मोठा टाकू का? — एक वाचक, धुळे

उत्तर : नका टाकू. जो वास येतोय तो कपलरचा आहे, मोठा फ्यूज टाकला तर पुढचा वास वायरिंगचा असेल, आणि ती वायरिंग पेट्रोलच्या टाकीखालून जाते. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून फ्यूज चालवणारे लोकही आहेत, त्यांना हे कळकळीनं सांगणं आहे, घरात लेकरं आहेत, असं करू नका.

हिशोब सरळ आहे. ३५ वॅटचा बल्ब तीन अँपियर घेतो, १०० वॅटचा सव्वाआठ. वायर, पीन, बटण सगळं तीनच्या हिशोबानं बनवलेलं आहे. उष्णता करंटच्या वर्गानं वाढते, म्हणजे त्याच जोडात आधीच्या जवळपास आठपट. शिवाय छोट्या गाडीचं चार्जिंगही एवढ्या बल्बसाठी केलेलं नसतं, हळूहळू बॅटरी बसेल. आणि साक्रीकडून येणारा जो माणूस तुमच्यासमोर येतो त्याच्या डोळ्यांचं काय ते तर आहेच.

गाडीच्या पुस्तकात जेवढ्या वॅटचा बल्ब लिहिलाय तेवढाच परत टाका. जळका कपलर बदला, वरच्या रावेरच्या उत्तरात दिलंय तसं अर्थिंग मोजा, आणि पॉझिटिव्हची बाजूही मोजा, लाल सुई बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि काळी कपलरच्या डिपरच्या पिनेला, लाईट चालू असताना अर्ध्या व्होल्टच्या आत आलं पाहिजे. तिथे जास्त येत असेल आणि तुमचा लाईट डीसी म्हणजे बॅटरीवरचा असेल तर मूळ बल्ब ठेवूनच रिले लावा, म्हणजे थोड्या करंटवर जास्तीचा करंट चालू-बंद करणारं बटण. चार पिनांचा बारा व्होल्टचा रिले, ३० नंबरच्या पिनेला बॅटरीपासून फ्यूज लावून जाड वायर, ८७ मधून बल्बला, आणि ८५-८६ ला एकीकडे बटणाकडून येणारी जुनी वायर, दुसरीकडे अर्थिंग. अप्पर आणि डिपरला वेगवेगळा रिले लागतो. फ्यूज बॅटरीच्या जितक्या जवळ तितका बरा. यानं बटणातून नावापुरता करंट जातो आणि बल्बला पूर्ण व्होल्टेज मिळतं.

मग राहिलं लाईटचं तोंड. गाडी भिंतीसमोर सात-आठ मीटरवर सपाट जागेत उभी करा, स्टँडवर नाही, तुम्ही स्वतः बसा आणि रोज जेवढं वजन मागे असतं तेवढं मागे ठेवा. जमिनीपासून हेडलाईटचा मध्य किती उंच आहे ते मोजून भिंतीवर खडूनं रेघ मारा. डिपरच्या उजेडाची वरची कड त्या रेघेच्या थोडी खाली पडली पाहिजे. वर जात असेल तर हेडलाईटच्या खालचा स्क्रू फिरवून खाली घ्या. मागे माणूस किंवा सामान बसलं की गाडीचं नाक वर होतं, उजेड झाडाच्या शेंड्यावर जातो आणि आपण म्हणतो बल्ब कमजोर आहे. टायरची हवा आणि मागचे शॉकॲब्सॉर्बर बसलेत का तेही याच वेळी बघून घ्या, ते बसलेले असतील तर स्क्रू फिरवून फार काळ पुरणार नाही.